निवेदनाआधी सभा हवी

मा. संपादक,
स. न.

गाझाच्या युद्धावरून कॅनडातल्या प्राइडमध्ये, म्हणजे समलैंगिक-ट्रान्स मंडळींच्या अभिमान मिरवणुकीत, पडलेल्या फुटीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि राहवलं नाही. जिथे समलैंगिकांना थारा नाही तिथल्या पॅलेस्टिनींची बाजू प्राइडमधली मंडळी का घेतात, एवढ्या एका प्रश्नावर तुमचा अख्खा लेख उभा आहे. प्रश्न विचारायचाच तर कायदा तरी पाहायचा. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं, गाझात आजही लागू असलेलं कलम ब्रिटिशांनी १९३६ साली पॅलेस्टाइनसाठी केलेल्या फौजदारी कायद्यातलं आहे, म्हणजे आपल्या जुन्या कलम ३७७चंच भावंड. इस्रायलने स्वतः ते १९८८मध्ये काढलं. वेस्ट बँकेत जॉर्डनचा कायदा चालतो आणि त्यात असं कलमच नाही. तरीही २०१९च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पॅलेस्टिनी पोलिसांनी ‘अल-कौस’ या पॅलेस्टिनी समलैंगिक-ट्रान्स लोकांच्या संघटनेच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. हे सगळं छापायला हवं होतं, सोयीचं तेवढंच नव्हे.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. युद्धाबद्दल दोन मतं असली म्हणून संघटना फुटत नाही. ठराव कोणी केला आणि कोणाला विचारून केला, इथे ती फुटते.

टोरांटोचंच घ्या. २०१६मध्ये ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी प्राइडची मिरवणूक सुमारे अर्धा तास अडवली. मागण्या कागदावर लिहिलेल्या होत्या (पोलिसांचे रथ मिरवणुकीत नकोत, ही त्यातली एक), सही करू शकणारा प्राइडचा संचालक जागेवर होता, सही झाली आणि मिरवणूक हलली. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, मिरवणूक पुढे जावी म्हणून सही केली. त्यावरून केवढा संताप झाला! तो शमवायला भाषणं कामाला आली नाहीत. जानेवारी २०१७च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी मतदान करून त्या मागण्या मंजूर केल्या, तेव्हा कुठे त्या कागदाला वजन आलं. पोलिसांच्या रथांचा कडवट वाद होता, पण निर्णय कोणाचा याबद्दल शंका उरली नाही.

ओटावात याच्या नेमकं उलट झालं. ६ ऑगस्ट २०२४ला तिथल्या प्राइडच्या आयोजकांचं पॅलेस्टिनींच्या बाजूचं निवेदन निघालं आणि मिरवणूक होती २५ तारखेला. मधे जेमतेम १९ दिवस. प्रायोजक तपासताना इस्रायलवरच्या बहिष्काराची यादी विचारात घेऊ, असं त्यात होतं. महापौरांनी अंग काढून घेतलं, मुलांच्या रुग्णालयानेही. इतक्या उशिरा सभा बोलावता येत नाही, नवा प्रायोजक मिळत नाही आणि शब्द मागे घ्यावा तर दुसरी बाजू विश्वासघात म्हणते. पुढच्या वर्षी नेमकं तेच झालं. त्याच निवेदनावर ठाम राहा, असं म्हणत आंदोलकांनी मिरवणूक रोखली आणि ती रद्द झाली. टोरांटोची ३० जून २०२४ची मिरवणूकही अशीच अर्ध्यावर संपली होती.

अडवलेली मिरवणूक थोडाच वेळ तग धरते. रस्ता ठरावीक वेळेपुरता मिळालेला असतो, बाजूच्या गल्ल्या बॅरिकेडने बंद, ट्रक मागे घेता येत नाहीत आणि माणसं उन्हात ताटकळतात. त्या वेळात हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे नसेल, तर रद्द करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून हे ठराव हिवाळ्यात, प्रायोजकांशी करार होण्याआधी, सभासदांच्या मतदानाने व्हायला हवेत. आपल्यालाही हे ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०२०ला मुंबईच्या प्राइडचा मेळावा ऑगस्ट क्रांती मैदानाऐवजी आझाद मैदानात घ्यावा लागला. तिथल्या काही घोषणांवरून राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले आणि आयोजकांना त्या घोषणांपासून हात झटकावे लागले. परवानगीच्या अर्जावर ज्याचं नाव असतं, जबाब त्यालाच द्यावा लागतो.

आणखी एक. बातमी कॅनडाची असताना फोटो मुंबईच्या प्राइडचा का छापलात? त्यात पहिल्या रांगेतल्या तिघांचे चेहरे स्पष्ट ओळखू येतात. आपल्याकडे मिरवणुकीत चालणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी घरी काहीही सांगितलेलं नसतं. पेपर सकाळी चहाबरोबर बाबांच्या हातात पडतो. फोटो हवाच असेल तर पाठमोरा घ्या, झेंड्यांचा घ्या. ई-पेपरमधला कालचा फोटो आजच्या आज काढून टाका, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे