लेकीच्या मांडीवरची लास

वडगाव, बेळगाव

प्रिय मित्रा,

काल तुझा फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या खांद्यावर गाठ दिसली, डॉपलरमध्ये तिच्यात रक्त जोरात फिरतंय, एवढं सांगून तू गप्पच झालास. दोन वर्षांमागं माझंही असंच झालं होतं, म्हणून लिहितोय.

आधी वहिनींचं. आमच्याकडं आईनं ग्रहणाचा विषय काढला होता. हिनं त्या दिवशी विळीला हात लावला म्हणे. ही आठ दिवस धड जेवली नाही, आणि मी गप्प बसलो. ते अजून सलतं. गाठीच्याच पेशींतल्या एखाद्या जनुकात बदल झालेला असतो रे, आईच्या वागण्याचा त्यात काही संबंध नाही. तू मात्र गप्प बसू नकोस.

लेक जन्मली तेव्हा मांडीवर लिंबाएवढी जांभळी लास होती, भोवती फिकट कडं. हात लावला की ऊन लागायची. ही रक्तवाहिन्यांची गाठ असते. तिच्यातली नेहमीची लाल खूण जन्मानंतर काही आठवड्यांत उगवते आणि वाढत जाते. 2008 पासून तिच्यावर प्रोप्रॅनोलॉल देतात. ही जात वेगळी. पोटातच पूर्ण वाढून येते, त्या औषधाला दाद देत नाही. यातल्या काही आपोआप आटतात, बहुतेक 6 ते 14 महिन्यांत, काही तशाच राहतात. आपली कुठली, ते जन्माआधी खात्रीनं कळत नाही. मोठ्या गाठीत सुरुवातीला प्लेटलेट उतरू शकतात, हृदयावर ताण येऊ शकतो. म्हणून बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असेल तिथंच कर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मान्य. पण जांबोटीच्या पावसातून रात्री बेळगाव गाठायचं म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

एका डॉक्टरांनी आम्हाला लगेच कापा म्हटलं होतं. दुसऱ्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी परत केली आणि थांबायला सांगितलं. थांबणंच फार कठीण गेलं. मग आईच दर पौर्णिमेला मागावरच्या कांडीचा रेशमी धागा त्या गाठीभोवती फिरवून मापाला कातरायला लागली. तिसऱ्या पौर्णिमेचा धागा पहिल्यापेक्षा बोटभर आखूड निघाला. आई काही बोलली नाही, दोन्ही धागे हिच्या हातात ठेवले आणि तिथंच बसून राहिली.

वर्षाच्या आत गाठ बसली. आता तिथली कातडी पातळ, जरा सैल आहे, खाली थोडा खळगा. लेक घरभर पळते.

धागे कपाटात जपून ठेवलेत. वहिनींना घेऊन ये. आई म्हणते, त्यांना मीच दाखवीन.

तुझा,
वडगावचा मित्र