नुआकशोतहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तिथले लोक अरब की आफ्रिकन?" तेवढ्यात फोन कट झाला. एका वाक्यात उत्तर देता आलंही नसतं, म्हणून हे पत्र.

इथे मॉरिटानियात, राजधानी नुआकशोतमध्येही, बाजारात, टॅक्सीत कानावर पडते ती हस्सानिया, वाळवंटातली अरबी. बनी हस्सान नावाच्या अरब टोळ्या उत्तरेकडून आल्या, त्यांची ही बोली. त्यांच्या आधीपासून इथे सन्हाजा टोळ्यांचे बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळचे लोक, राहत होते. त्यांची भाषा झेनागा. सतराव्या शतकात दोघांत शार बुब्बाचं युद्ध झालं, वर्षानुवर्षं चाललं आणि बर्बर हरले. पण बाबा, मला त्यापुढची गोष्ट जास्त विलक्षण वाटते. हरलेल्यांतल्या कितीतरी घराण्यांनी शस्त्रं सोडली आणि विद्या धरली. उंटांच्या तांड्याबरोबर त्यांच्या शाळाही फिरायच्या. त्यांना महादरा म्हणतात. तंबूत बसून मुलं लाकडी पाटीवर कुराण, व्याकरण, कविता लिहायची, पाठ करायची, पाटी धुऊन पुढचा धडा घ्यायची. चिंगुएत्ती गावात जुनी हस्तलिखितं अजून घराघरांतून सांभाळलेली आहेत. ज्यांनी अरबी एवढ्या निष्ठेने जपली, त्यांची स्वतःची भाषा मात्र त्याच अरबीत विरत गेली.

गावांच्या आणि प्रदेशांच्या नावांत ती उरली आहे. अद्रार म्हणजे डोंगर. तागांत म्हणजे रान, आणि आज तिथे बहुतेक खडक आणि वाळू. नुआकशोत हे नावही बर्बरच. दक्षिणेला सेनेगल नदीच्या काठाने पुलार, सोनिन्के, वोलोफ बोलणारे लोक आहेत. 1991च्या राज्यघटनेत अरबीबरोबर या तिन्ही भाषांना राष्ट्रीय म्हटलं आहे. झेनागाचं नाव त्यात नाही.

आई, इथल्या बायका मेल्हफा नेसतात. एकच लांब कापड, अंगाभोवती गुंडाळून डोक्यावरून घेतलेलं. पदर सावरायची लकब पाहून मला तूच आठवतेस. चहा तीन वेळा होतो, पुदिना घालून, या पेल्यातून त्या पेल्यात उंचावरून ओतत, फेस येईपर्यंत. पहिला कडक, पुढचे गोड होत जातात. तिसरा झाल्याशिवाय उठायचं नाही. तोवर 'श्तारी?' म्हणजे काय खबर, हे चालूच. 'खबर', 'हिशेब', 'तारीख', 'कलम' हे आपले शब्द मुळात अरबीच ना, त्यामुळे मधूनच एखादा ओळखीचा निघतो.

माझ्या घरमालकिणीची आई मेदेरद्रा गावाकडची. झेनागा बोलणारे आता काही हजारच उरलेत, बहुतेक त्याच भागात. बहीण भेटायला आली की दोघी म्हाताऱ्या झेनागात बोलतात, भराभर, हसत. नातवंडं खोलीत आली की लगेच हस्सानिया. परवा हे पाहिलं आणि चहाचा पेला हातातच राहिला. बाबा, तुमचं आणि मोठ्या काकांचं अगदी असंच व्हायचं. मी आत आले की 'आठे', 'तठे'चं 'इथे', 'तिथे' होऊन जायचं.

पुण्याच्या शाळेत मला कुणी हसू नये म्हणून तुम्ही माझ्याशी अहिराणी बोलला नाहीत, हे आईने मागे सांगितलं होतं. तुमच्यावर राग नाही. तुम्ही माझ्या भल्याचंच पाहिलंत. पण आजी गेली तेव्हा मला तिची निम्मी वाक्यं कळत नव्हती, याचं दुःख अजून जात नाही.

येत्या रविवारी माझ्याशी अहिराणीतच बोला. नाही कळलं तर मी पुन्हा विचारेन, कितीही वेळा. आणि आई, जात्यावरच्या ओव्या आजीने तुला सांगितल्या होत्या, त्या आठवतील तशा वहीत लिहायला घे. शब्दांचे अर्थ बाबांना विचार.

बीपीची गोळी चुकवू नका. आजी मला जे म्हणायची तेच खाली लिहिते.

तुमनी आंडेर