आमची रोजची भाकर

प्रिय आई, पप्पा, आणि आजी (आजी, आई तुला वाचून दाखवेल),

सगळ्यांना सलाम.

फोनवर सांगणार होतो पण आई रडायला लागली की मला पुढचं बोलताच येत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. माझा जॉब गेलाय. आज ३८ दिवस झाले. अमेरिकेच्या एच-वन व्हिसावर असताना जॉब गेला की ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर ठीक, नाहीतर बॅगा भरायला लागायचं. पहिले दोन आठवडे मी तुम्हाला "सगळं ठीक आहे" म्हणत राहिलो, ते खोटं होतं, माफ करा.

पप्पा, तुम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेला बायबलमधला मान्नाचा, म्हणजे देव वाळवंटात लोकांना रोज द्यायचा त्या अन्नाचा, भाग वाचायचात ना, सकाळसाठी राखून ठेवला की त्यात किडे पडायचे, तो मला लहानपणी नुसता किळसवाणा वाटायचा. आता रात्री २ वाजता लॅपटॉपवर हिशोब मांडून बसतो, सेव्हिंग किती महिने पुरेल, भाडं, मुलाची फी, आणि परत परत तेच आकडे बघतो, तेव्हा वाटतं हे किडेच आहेत. एका रात्री हिने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली उद्याचं दूध आहे, ब्रेड आहे, आता प्रार्थना कर आणि झोप. तेव्हापासून रोज तेवढंच मागतोय. भीती गेलेली नाही, पण झोप लागते.

पण खरं सांगायचंय ते दुसरंच. आमच्या शेजारी एक ब्लॅक आजी राहतात. आम्ही इथे ग्रीन्सबरोला आलो तेव्हा आपल्याच ओळखीच्या लोकांनी सांगितलेलं, त्या बाजूला घर घेऊ नका. भाडं कमी म्हणून घेतलं, पण दोन वर्षं मी या आजींशी हाय-हॅलोच्या पुढे गेलो नाही, आणि त्यांच्या नातवाशी खेळू नको असं मी स्वतः पोराला सांगितलंय. त्यांचं चर्च घरापासून पाच मिनिटांवर, आणि आम्ही दर रविवारी त्याच्यावरून गाडी काढून गावाच्या पलीकडे गोऱ्या लोकांच्या चर्चला जायचो. मार्टिन ल्यूथर किंग म्हणायचे की रविवारी सकाळी ११ वाजता अमेरिका जितकी वेगवेगळी बसते तितकी कधीच बसत नाही. त्या वेगळं बसण्यात मी पण होतो.

जॉब गेल्यावर एक दिवस दुपारी त्याच आजी दारात, हातात फॉइल लावलेलं ताट. म्हणाल्या, तुमची गाडी बरेच दिवस जागची हलली नाही, म्हणून विचारायला आले. ताटात मक्याच्या पिठाचा ब्रेड आणि कॉलर्डची पालेभाजी. आई, अगदी आपल्या भाकरी-भाजीसारखं गं. मला मान वर करून बघता येईना.

मागच्या शनिवारी त्यांच्याबरोबर इथलं म्युझियम बघायला गेलो. पूर्वी तिथे वूलवर्थचं दुकान होतं, ब्लॅक लोकांनी सामान विकत घ्यायचं, पैसे द्यायचे, पण जेवणाच्या काउंटरला बसायचं नाही. १ फेब्रुवारी १९६० ला कॉलेजच्या पहिल्या वर्षाची चार पोरं तिथे बसली आणि कॉफी मागितली. दिली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली, दुसऱ्या दिवशी अजून आली, आठवड्यात शेकडो. २५ जुलैला काउंटर उघडलं आणि पहिल्यांदा जेवायला वाढलं ते त्याच दुकानात कामाला असलेल्या ब्लॅक लोकांना. या आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. आई कशी मनगट घट्ट धरून काउंटरपासून लांब ओढत न्यायची हे त्यांनी माझं मनगट धरून दाखवलं. अजून त्यांच्या हातात जोर आहे.

आणि आजी, मला तुझा तो फुटक्या कानाचा कप आठवला, गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला, आणि पाणी वरून ओंजळीत ओतायचे ते. आपण तर पुण्यात पंच हौदच्या चर्चच्या घंटा ऐकत वाढलो, तिथेच १८९० ला मिशनरींबरोबर चहा घेतला म्हणून केवढं ग्रामण्य झालं, जातीबाहेर टाकायची वेळ आली, न्यायमूर्ती रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, एका चहासाठी. आणि चर्चमध्ये आल्यावर आपण तरी कुठे सोडलं? लग्न ठरवताना "मूळचे कोण" विचारतातच ना अजून, ताईच्या वेळी आपल्याच घरात विचारलं होतं. मला हे फार लागलंय, रागावू नका. बायबलमध्ये अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, लोक काय म्हणतील म्हणून, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर बोललं. एवढा मोठा प्रेषित, तोही उठला. म्हणून मला वाटतं हे एकदा सॉरी म्हणून संपत नाही, परत परत येऊन बसावं लागतं.

आता दोन्ही चर्चनी महिन्यातून एकदा एकत्र जेवण सुरू केलंय. पहिल्यांदा गोरे एका बाजूला, ब्लॅक एका बाजूला, आणि आम्ही दोन-तीन भारतीय कुटुंबं दाराजवळ, कोणी ठरवलं नव्हतं तरी तसंच झालं. या आजी ताट घेऊन उठल्या आणि खुर्ची ओढून मधल्या रिकाम्या टेबलला एकट्याच बसल्या, मग पोरगं पळत त्यांच्याकडे गेलं, मग आम्ही. शेवटी प्रभूची प्रार्थना झाली, मी हळू आवाजात मराठीत म्हणत होतो आणि "आमची रोजची भाकर" ला अडकलो. इतकी वर्षं मी तिथे मनात माझीच भाकर मागत होतो.

गुरुवारी एक इंटरव्ह्यू आहे, प्रार्थनेत ठेवा. पप्पा, पैसे पाठवू नका, लागले तर मीच सांगेन, या वेळी खरं सांगेन.

आई, येत्या रविवारी परत जेवण आहे आणि मी भाकरी नेतो म्हणालोय. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरला मिळालं पण भाकरी थापतानाच चिरते, पाणी उकळतं घालायचं की कोमट, आणि तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात लगेच फिरवायचा की थोडं थांबून? व्हॉइस नोट पाठव, शनिवारच्या आत.

तुमचाच,
बाळू