बाबांना पत्र: पात्याच्या मुळाशी येणारा भार

कॉलेज पार्क, मेरीलँड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हेलिकॉप्टरच्या पात्यावरचा ताण यंत्राने मोजता येतो, तर मग तुम्ही संशोधक वर्षानुवर्षे गणिते का करता, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मोजायचे तर पाते आधी घडवावे लागते, आणि घडवायचे तर त्याच्या मुळाशी किती जाडी ठेवायची हे त्याआधी ठरवावे लागते. शेतात गोफण फिरवताना दोरी जशी ताठ होते, तसेच पातेही बाहेर ओढले जाते. शंभर किलोचे पाते, गुरुत्वमध्य आसापासून चार मीटरवर आणि मिनिटाला 258 फेरे, असे धरा: मुळाशी सुमारे तीस टनांची ओढ येते. तुम्ही कागदावर पडताळून पाहालच. ही ओढ मात्र जवळजवळ स्थिर असते. पाते थकते, म्हणजे त्याला हळूहळू तडा जातो, ते बदलत्या भाराने.

ब्लॅक हॉक या अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टरच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे 221 मीटर वेगाने फिरते. हेलिकॉप्टर स्वतः 80 मीटर वेगाने पुढे जात असेल, तर पाते पुढे येते त्या बाजूला टोकाला 301 मीटरचा वारा लागतो आणि मागे जाते त्या बाजूला फक्त 141 मीटरचा. दोन्हीकडची उचल सारखी राहावी म्हणून पिच लिंक नावाचा दांडा प्रत्येक फेऱ्यात पात्याचा कोन बदलतो. मागे जाणाऱ्या बाजूला कोन फार वाढला, तर हवा पात्याच्या पृष्ठभागाला धरून न वाहता सुटते, पात्याला पीळ बसतो आणि तो धक्का त्या दांड्यावर येतो. असे फेरे तासाला 15,480 होतात. शिवाय वाऱ्याने पाते वाकते आणि पिळते, पिळल्याने वाऱ्याचा जोर बदलतो, म्हणून ही दोन गणिते वेगवेगळी करून भागत नाही.

1993-94 मध्ये नासा आणि अमेरिकी लष्कराने कॅलिफोर्नियात ब्लॅक हॉकच्या एका पात्यावर 242 दाबमापक बसवून उड्डाणे केली. तोवरची गणिते त्या मोजमापांशी ताडली, तेव्हा वेगवान उड्डाणात उचल घटण्याची जागाच फेऱ्यात चुकत असल्याचे उघड झाले. 2004 च्या सुमारास हवेच्या प्रवाहाचे सूक्ष्म गणित पात्याच्या वाकण्या-पिळण्याच्या गणिताला जोडले गेले आणि ती जागा बऱ्यापैकी जुळली. माझ्या मते आमच्या क्षेत्रातले हे फार मोठे पाऊल आहे.

मी सध्या पिच लिंकच्या भाराचा आलेख जुळवते आहे. पुढे येणाऱ्या बाजूला तो मोजमापावर नेमका बसतो, पण हवा सुटते तिथले शेवटचे दोन हेलकावे गणितात कमी उंचीचे येतात. ते दुर्लक्षून चालणार नाही, कारण दांड्याचे आयुष्य त्यांच्यावरच ठरते.

मखमलाबादच्या मळ्यात काकांच्या फवारणी ब्लोअरचा शाफ्ट असाच थकून तुटला होता, ते आठवते का? तुम्ही तो तुटलेला तुकडा उन्हात धरून मला चावीच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेल्या झाडाच्या वर्तुळांसारख्या रेषा दाखवल्या होत्या. तो तुकडा सातपूरच्या लेथजवळच्या डब्यात अजून असेल, तर आईला त्याचा जवळून फोटो काढायला सांगा. गुळगुळीत भाग किती आणि शेवटी एकदम तुटलेला खडबडीत भाग किती, हे मला पाहायचे आहे.

आईस साष्टांग नमस्कार.

तुमची,
मनीषा