फायर एक्स्टिंग्विशर गठ्ठ्यांच्या मागे

संपादक साहेब, नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्यांची मीटिंग झाली, दिवाळीचं लायटिंग नि पार्किंग यावरच दीड तास गेला आणि आगीचा विषय शेवटी पाच मिनिटांत उरकला, याचं फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय. पुण्यात २६ मार्च २०२१ च्या रात्री फॅशन स्ट्रीट हे कपड्यांचं मार्केट जळालं, शेकडो दुकानं गेली, ते आपण इतक्यात विसरलो का?

घरी आल्यावर माझ्याच दुकानाचं बघितलं. एक्स्टिंग्विशर साड्यांच्या गठ्ठ्यामागे, त्याच्या प्रेशरचा काटा लाल पट्ट्यात म्हणजे प्रेशर उतरलेलं, आणि मागच्या जिन्यावर रिकामे खोके, म्हणजे पळायची वाटच बंद! दुसऱ्याच दिवशी जिना मोकळा केला, सिलिंडर रिफिल करून दाराजवळ लावला, एकाच बोर्डावरचे तीन एक्स्टेन्शन काढले आणि दुकानातल्या पोरांना त्या सिलिंडरची पिन कशी ओढायची ते दाखवलं, खर्च काही फार नाही हो.

२००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन असलेल्या एजन्सीकडून आगीच्या साधनांची तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो, तो सगळ्यांनी मिळून एकाच वेळी करून घेऊया. आणि बोळातल्या गाड्या हलवा, फायर ब्रिगेडचा बंब आत शिरणार कुठून?

- एक कापड दुकानदार, पुणे