तक्रार पत्र : दत्तजयंतीच्या संगीत-जलसहलीत पोहण्याचा थांबा ऐन ओहोटीच्या ओढीत

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, जलसहल विभाग,
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

विषय : ४ डिसेंबर २०२५ च्या ‘डॉल्फिन, संगीत आणि पोहणे’ सहलीतील सेवेतील त्रुटी, भाड्याचा परतावा व वेळापत्रकातील बदल याबाबत

महोदय,

गुरुवार, ४ डिसेंबर रोजी सकाळी ११.३० वाजता देवबागच्या खाडीकडील धक्क्यावरून सुटलेल्या आपल्या बोटीतील अकरा प्रवाशांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. माणशी १,८०० रुपये भाडे आगाऊ भरले होते. सोलकढी कोमट होती आणि सुरमईचा तुकडा जाहिरातीतल्या फोटोच्या निम्मा होता. त्याबद्दल काही म्हणणे नाही, सहलीत एवढे चालायचेच. तक्रार दोन गोष्टींची आहे. पोहण्याचा थांबा घड्याळ पाहून ठरवला गेला, पाणी पाहून नाही. आणि संगीताच्या दणदणाटात बोटीवरचा एकही इशारा कोणाच्या कानापर्यंत पोहोचला नाही.

आधी पाण्याचे. त्या दिवशी पौर्णिमा होती. भरती काढायचा हिशेब किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही पाठ असतो : तिथीची पाऊणपट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, पाच-साडेपाचला, पूर्ण ओहोटी. या सहा तासांत पाणी एकसारखे उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. सव्वा ते सव्वातीन या दोन तासांत निम्मे पाणी बाहेर पडते. आपल्या छापील वेळापत्रकात पोहण्याची वेळ आहे दुपारी २.०० ते ३.००. यापेक्षा वाईट तास निवडायचा ठरवला असता तरी सापडला नसता.

जागाही तशीच. ज्या वाळूच्या पट्ट्याला सगळे ‘त्सुनामी बेट’ म्हणतात, त्याच्या खोल बाजूला बोट नांगरली होती. कर्ली खाडीत भरतीला शिरलेले सगळे पाणी देवबागचे टोक आणि भोगव्याची बाजू यांच्यामधल्या तोंडातून समुद्राकडे परत जाते, आणि त्याची मुख्य ओढ याच खोल बाजूने असते. पट्ट्याची कड तिथे उतरती नाही, तुटलेली आहे. कमरेएवढ्या पाण्यातून दोन पावले पुढे टाकली की डोक्यावरून पाणी. त्यात दुपारी खारा वारा वायव्येकडून सुटतो आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला समोरून भिडतो, त्यामुळे तोंडावर आखूड, उभ्या लाटा उठतात. लांबून त्या गमतीच्या दिसतात. पोहणाऱ्याच्या नाकातोंडात नेमक्या त्याच जातात.

ओढ किती होती, हे मोजायला यंत्र लागले नाही. २.२० वाजता कोणाची तरी निळी रबरी चप्पल नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, पाण्यात पडली. सुमारे नऊ मीटर लांबीच्या बोटीच्या कडेने ती इंजिनापर्यंत पोहोचायला दहा सेकंद लागले नाहीत. म्हणजे सेकंदाला जवळपास एक मीटर. लाइफ जॅकेट घातलेला हौशी पोहणारा जीव तोडून हातपाय मारतो तेव्हाही त्याच्या निम्मा वेग गाठणे मुश्कील. बोटीमागून उतरलेले दोन प्रवासी परत वळेपर्यंत ओढीबरोबर साठ-सत्तर मीटर दूर वाहत गेले होते. त्यांना मासेमारीच्या एका लहान होडीने उचलले, आपल्या खलाशांनी नाही. दोघेही सुखरूप आहेत. नाहीतर हे पत्र आपल्याकडे नाही, पोलीस ठाण्यात गेले असते.

हेच वेळापत्रक अष्टमीला ठीक बसले असते, ही यातली खरी चीड आणणारी गोष्ट. आठाची पाऊणपट सहा : भरती सकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराला, वाळूचा पट्टा जेवणाच्या वेळी उघडा. दोन वाजता पाणी नुकते चढू लागलेले, तेही भांगेचे, म्हणजे मंद, आणि त्याची ओढ खाडीच्या आत. वाहून गेलाच कोणी तर धक्क्याकडे जाणार. पंधरवड्यातले चार-पाच दिवस हे गणित जमते. पौर्णिमा-अमावास्येला ते नेमके उलटे पडते. बुकिंगच्या ॲपवर रोज तीच वेळ दाखवणे आपल्याला सोयीचे आहे, पण समुद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो.

आता थांब्यावर काय केले गेले आणि काय करायला हवे होते ते. नांगर चार हुकांचा, खडकात अडकणारा होता. वाळूत तो नांगरट करत सरकतो. वाळूला रुंद पात्यांचा नांगर लागतो आणि त्याच्या पुढे दोन-तीन मीटर साखळी, म्हणजे ओढ आडवी बसते. चार मीटर पाण्यात दोर सोडला होता दहा मीटरच्या आसपास. पाण्याच्या ओढीत तो खोलीच्या किमान पाचपट, म्हणजे वीस मीटर हवा. परिणामी पंधरा मिनिटांत बोट मागे सरकत गेली आणि पट्ट्याजवळ उथळ पाण्यात सोडलेली माणसे बोटीपासून दूर राहिली.

शिडी मागच्या बाजूला, दोन्ही इंजिनांच्या मध्ये टांगलेली होती. इंजिने बंद नव्हती, न्यूट्रलवर गुरगुरत होती. न्यूट्रलवर इंजिनाचा पाण्यातला पंखा थांबलेला असतो हे खरे, पण गिअरच्या दांड्याला कोणाचा कोपर लागला की तो फिरू लागतो. शिडीच्या शेवटच्या पायरीवर माणसाच्या मांड्या त्या पंख्यापासून हातभर अंतरावर होत्या. आधी इंजिन बंद, मग चावी काढून तांडेलाच्या (बोट चालवणाऱ्याच्या) खिशात, मग इंजिन वर उचलायचे आणि त्यानंतर शिडी, तीही बाजूने. एवढा क्रम पाळायला एक मिनिट लागते. शिवाय शिडीची खालची पायरी जेमतेम पाण्याला टेकत होती. थकलेल्या माणसाला पाय टेकायला निदान दोन पायऱ्या पाण्याखाली हव्यात. दोराची शिडी तर पाय ठेवताच बोटीच्या पोटाखाली जाते आणि माणूस उताणा लोंबकळतो. तसे तीन जणांचे झाले.

ओढीच्या पाण्यात पोहायला सोडताना बोटीच्या मागे तीस मीटरचा तरंगता दोर आणि टोकाला जीवरक्षक रिंग सोडून ठेवतात, म्हणजे मागे पडणाऱ्याला धरायला काहीतरी मिळते. आपल्या बोटीवर दोन रिंगा होत्या, दोन्हींना दोर नव्हता. नंतर लक्षात आले की एका रिंगेचा दोर छतावरचे स्पीकर बांधायला वापरला आहे.

इथे संगीताकडे येतो. गाणी चांगली होती, कोळीगीतांवर सगळ्यांनी ताल धरला. आक्षेप गाण्यांना नाही. दोन टॉप (वरच्या आवाजाचे मोठे स्पीकर) छतावर बांधले होते आणि बेसचा स्पीकर मधल्या बाकाशेजारी, बरोबर लाइफ जॅकेटच्या गठ्ठ्यावर. गठ्ठा निळ्या प्लास्टिकच्या दोरीने आवळलेला, गाठ पाण्याने फुगून घट्ट झालेली, आणि तिच्यावर स्पीकरची वायर चिकटपट्टीने चिकटवलेली. पोहायच्या आधी ती गाठ सुरीने कापावी लागली. बुडणाऱ्या बोटीत सुरी शोधायला वेळ कोणाकडे असतो? लहान मुले चार होती, लहान मापाचे जॅकेट एकही नव्हते. सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे जॅकेट घातले की पाण्यात पडताक्षणी ते कानांपर्यंत वर येते आणि मूल खालून निसटते. त्यासाठीच मांड्यांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो कुठल्याच जॅकेटला उरला नव्हता.

छतावरच्या वजनाची दुसरी बाजू भोगवे-निवतीच्या समोर डॉल्फिन दिसले तेव्हा कळली. बोटीवरच्या पाटीनुसार क्षमता २४ प्रवासी. तिकिटे होती ३१, शिवाय ध्वनियंत्रणेचा माणूस. सगळे डाव्या बाजूला धावले, वर दोन जड पेट्या, आणि बोट इतकी कलली की कठड्यावरून पाणी आत आले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हे देवबागातल्या माणसाला आम्ही सांगायला नको. डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले आहेत. त्यांच्या मागे इंजिन ताणून धावणे आणि वर बेस वाजवणे, यात ते दोन मिनिटांत खोल निघून गेले. पन्नास मीटर दूर, इंजिन शांत ठेवून थांबलेल्या शेजारच्या बोटीला मात्र ते बराच वेळ दिसत होते.

जनरेटर पेट्रोलवरचा, मागच्या बाजूला, शिडीपासून चार फुटांवर. शेजारी पेट्रोलचा कॅन. नांगरलेली बोट पाण्याच्या ओढीने नाळ खाडीकडे करून उभी होती, वारा मागून येत होता आणि जनरेटरचा धूर छताखाली साचत होता. दोघांना मळमळले, ते ‘बोट लागली’ म्हणून खपवले गेले. कार्बन मोनॉक्साइडचे पहिले लक्षणही डोकेदुखी आणि मळमळच असते. गाण्यांसाठी बॅटरीवरचा एक स्पीकर तीन तास सहज पुरतो.

सगळ्यात गंभीर प्रकार परतीचा. ३.२० वाजता खाडीच्या तोंडावर पाणी बरेच उतरले होते आणि उजव्या इंजिनाचा पंखा वाळूला घासला. इंजिनाच्या मागून थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारीसारखी बारीक धार सतत पडत असते. पंपात वाळू गेली की ती आधी तुटक होते, मग थांबते, आणि इंजिन तापल्याचा भोंगा वाजतो. धार थांबलेली मागच्या बाकावरच्यांनी पाहिली, तांडेलाला हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. भोंगा त्यालाही ऐकू आला नाही, कारण टॉप त्याच्या डोक्यावरच होता. दोन-तीन मिनिटांनी इंजिनाने आपोआप वेग पाडला आणि बोट लाटांना आडवी झाली. एका इंजिनावर ती कशीबशी सरळ करून आत आणली, याचे श्रेय तांडेलालाच. त्या माणसाला पाण्याची जाण आहे. दोन वाजता त्याने ‘आज हय उतरवचा नाय’ असे म्हटलेले पुढे बसलेल्यांनी ऐकले. पण कार्यालयातून फोन आला आणि थांबा झाला. म्हणून ही तक्रार त्याच्यावर नाही, त्याच्यावर कारवाईही करू नये.

आमच्या मागण्या अशा. अकरा जणांचे निम्मे भाडे, ९,९०० रुपये, पंधरा दिवसांत परत करावे. सुटण्याची आणि पोहण्याची वेळ तिथीप्रमाणे बदलती ठेवावी आणि ती तिकिटावर छापावी. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवशी संगमावर (खाडीच्या तोंडाशी) पोहणे बंद ठेवून आतल्या संथ खाडीत थांबा द्यावा. ‘आज उतरायचे नाही’ हा तांडेलाचा शब्द अंतिम, आणि त्या दिवशी पोहण्यापुरते पैसे परत, हे लेखी असावे. स्पीकर छतावरून खाली घ्यावेत आणि त्यांचा एकच बटण-स्विच तांडेलाच्या हाताशी बसवावा : सूचना देताना, डॉल्फिन दिसताना, माणसे पाण्यात असताना आणि संगम ओलांडताना तो बंद. जॅकेट प्रत्येकाच्या बाकाखाली सुटी, मुलांच्या मापाची वेगळी. नांगर उचलण्याआधी नावे वाचून मोजणी व्हावी. त्या दिवशी ‘सगळे आले ना?’ एवढेच विचारले गेले, तेही माइकवरून, दोन गाण्यांच्या मध्ये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मालवणला खेटे घालावे लागतील म्हणून आम्ही गप्प बसू, असे समजू नये.

सोबत : तिकिटांच्या प्रती, क्षमतेच्या पाटीचा आणि शिडीचा फोटो, ३.२० ते ३.३१ चा व्हिडिओ (भोंग्याचा आवाज हेडफोन लावून ऐकल्यास गाण्याखाली ऐकू येतो).

प्रत : बंदर निरीक्षक, मालवण, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड

आपले,
४ डिसेंबरच्या सहलीतील अकरा प्रवासी
(सह्यांचा कागद जोडला आहे)