लढाईची आदली रात्र

सावदा,
मार्गशीर्ष, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. सध्या शेतीची लाइट रात्रीचीच असते, म्हणून केळीला पाणी द्यायला मळ्यात झोपतो. मोटारीच्या खोलीत, बल्बखाली, गोधडी पांघरून मार्व्हल कंपनीच्या एक्स-मेन कॉमिकमधलं ‘डार्क फिनिक्स सागा’ तीन रात्रींत संपवलं आणि चौथ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून काढलं. चिठ्ठीत तू लिहिलंस, शेवट पटला नाही, नायिकेला, जीनला, मारायला नको होतं. मला पटला, भो. का पटला ते सांगायलाच बसलोय.

भुसावळच्या स्टेशनावर आपण इंद्रजाल कॉमिक्स घ्यायचो तेव्हा एक वीर, एक दुष्ट आणि गाडी सुटायच्या आत निकाल. इथे एक्स-मेन या अचाट शक्तीच्या वीरांच्या टोळीचे १२९ ते १३८ असे दहा अंक उलटले तरी मन निकालावर बसत नाही, कारण दुष्ट बाहेरून आलेलाच नाही. जीन ग्रे त्यांच्या घरातली, १९६३च्या पहिल्या अंकापासूनची. १९७६ मध्ये मरणाच्या दारातून फिनिक्स नावाची अफाट शक्ती घेऊन परतली, तेव्हापासून तिच्यात काय शिरलंय हे तिलाही नीट उमगलेलं नाही.

हेलफायर क्लब या दुष्टांच्या मंडळाचे अंक मी भराभर वाचले. त्यांच्यातला भ्रम घडवणारा मास्टरमाइंड तिच्या मनात जुन्या काळातल्या, कधी न जगलेल्या आयुष्याच्या आठवणी थेंबथेंब सोडतो आणि एक दिवस ती आपल्याच माणसांविरुद्ध उभी राहते. ते विष भिनणं छान जमलंय. पण खरी गोष्ट तिथून सुटल्यावर सुरू होते. त्या भराभर वाचण्यातही १३२व्या अंकाच्या शेवटी मात्र थांबलो. एक्स-मेन सगळे क्लबच्या हाती पकडले गेलेत आणि गटाराच्या पाण्यातून त्यांच्यातला एकटा वुल्व्हरिन वर बघतोय. जॉन बर्नचं चित्र आणि त्यावर टेरी ऑस्टिनची शाई, एक रेघ जास्त नाही. बल्ब जवळ ओढून ते पान कितीदा पाहिलं असेल.

मग १३५वा अंक. तिला भूक लागते आणि ती एक तारा गिळते. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर डीबारी नावाचे लोक राहत असतात, ५०० कोटी. ते आपल्याला जेमतेम दिसतात, पान उलटलं की नाहीत. तू चिठ्ठीत त्यांचा एका शब्दानेही उल्लेख केला नाहीस. मीही पहिल्या वाचनात त्यांच्यावरून तसाच पुढे गेलो होतो, म्हणून तुला दोष देत नाही.

तुला हवा होता तसाच शेवट आधी काढलाही होता. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि बर्न यांनी ठरवलं होतं की शियार नावाचे परग्रहावरचे लोक जीनची शक्ती कायमची काढून घेतील आणि ती साधी बाई म्हणून घरी परतेल. मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले: एवढी माणसं मारून ती घरी कशी जाईल? मग शेवटची पानं नव्याने काढली. जुना शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला गेला. लेखकाच्या हातातली गोष्ट संपादकाने वळवावी हे मला एरवी आवडत नाही. पण इथे त्या ५०० कोटींच्या बाजूने बोलायला दुसरं कोणीच नव्हतं.

आता १३७वा अंक. शियारना जीनला संपवायचंय, म्हणून एक्स-मेनना चंद्रावर त्यांच्या फौजेशी लढायचं आहे, हरले तर जीन गेली. आदल्या रात्री एकेक जण आपापल्या जागी जागा आहे आणि विचार करतोय. नीट वाच ती पानं. तिने ते केलंच नाही असं तिथे कोणाला म्हणता येत नाही. तिने केलंय हे माहीत असूनही सकाळी सगळे तिच्या शेजारी उभे राहतात. जीन जुना हिरवा पोशाख घालून येते, फिनिक्स व्हायच्या आधी ती मार्व्हल गर्ल म्हणवायची तेव्हाचा. आणि शेवटी, आतली फिनिक्स पुन्हा वर यायला लागते तेव्हा, जीन तिच्या प्रियकराच्या, स्कॉटच्या, डोळ्यांदेखत स्वतःच मरण पत्करते. मला तर वाटतं अख्ख्या गोष्टीत तेवढा एकच निर्णय पूर्णपणे तिचा आहे.

ती रात्र वाचताना मला गोटू आठवला. १२ घरांच्या भिशीचे पैसे त्याने उडवले तेव्हा तू म्हणालास पोलिसात द्या, आणि मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. उभा राहिलो याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण चार लोकांत मी म्हणालो होतो, “त्याने असं काय मोठं केलं?” ते चुकलं माझं. त्या १२ घरांत एक धुणीभांडी करणारी मावशी होती. तिच्याकडे मी पाहिलंच नाही. सहा वर्षं तू आणि मी या विषयावर बोललो नाही, आज पत्रातच लिहून टाकतो.

पुस्तकातलं खटकलं तेही सांगतो. मजकूर फार. चित्रात दिसतंय तेच चौकटीत पुन्हा लिहिलंय, रडणारा माणूस “मी रडतोय” म्हणतो. शिवाय एवढी ताकदीची बाई, पण तिच्या मनात आधी मास्टरमाइंड शिरतो, मग एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर तिथे कुलपं लावतो. तिला काय हवंय हे विचारणारा फक्त स्कॉट. आणि १९८६ मध्ये मार्व्हलने तिला परत आणलं, म्हणे मेली ती खरी जीन नव्हतीच! हे वाचून मला खरंच राग आला. चंद्रावरच्या त्या मरणाची किंमतच काढून घेतली. मी ते अंक वाचणार नाही, पाठवू नकोस.

पुस्तक पेटीत ठेवलंय, मळ्यात उंदीर फार. संक्रांतीला येशील तेव्हा घेऊन जा. भरिताची हिरवी वांगी तोवर जोरात असतील, पऱ्हाट्यांचा जाळ करू, कळण्याच्या भाकरी तुझ्या वहिनीच्या हातच्या. गोटूलाही बोलावलंय. तुला आयत्या वेळी कळू नये म्हणून आधीच लिहितो. मावशीचे थोडे पैसे त्याने दिवाळीत परत केले.

तुझा,
बापू